कांचेचें ओझें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या कॉलेजांतील कांहीं विद्यार्थी राजगडावर गेले होते. परत आल्यावर त्यांतील एकजण हिरमुसल्या चेहऱ्यानें मला भेटावयास आला. शिकवण्या करून, पैपैसा सांठवून त्यानें एक चांगला कॅमेरा घेतला होता. चढणीवर पाठीवरच्या पिशवींत पाणी शिरून तो निकामी झाला, आणि दुरुस्ती करणाऱ्यानेंही मान हलविली. मीं त्याचें जमेल तेवढें सांत्वन केलें व सहज विचारलें, "मग चित्रें?" तो म्हणाला, "चित्रांचें काय सर, तीं आहेत. पण कॅमेरा गेला ना!" तरुण वयांत कष्टानें मिळविलेली वस्तु गेल्याचें दुःख मी जाणतों, त्याची थट्टा करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु "चित्रांचें काय" हें त्याचें उत्तर माझ्या मनांतून जाईना. ज्या वस्तूसाठीं कॅमेरा गडावर न्यावयाचा ती वस्तु त्याच्या हातीं शिल्लक होती, आणि ती शिल्लक राहिल्याचें त्याला कांहींच वाटत नव्हतें!

रानावनांतून हिंडणाऱ्या छायाचित्रकारानें नेमकें काय जपावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पिशवी कोणत्या कापडाची घ्यावी व तिला अस्तर कसलें लावावें, एवढ्यापुरताच तो आहे असेंही कोणी म्हणेल. पण या कलेचा इतिहास चाळून पाहिला तर असें दिसतें कीं, याच प्रश्नाचें उत्तर देतांना कित्येकांनीं जीव धोक्यांत घातले, कित्येकांनीं दुसऱ्यांचे जीव धोक्यांत घातले, आणि एकदोघांनीं तर स्वतःच्या हातानें स्वतःच्या वर्षभराच्या श्रमाचा चुराडा केला. त्यांतील कांहीं प्रसंग वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कलोडियन नांवाच्या चिकट द्रवाचा थर कांचेवर देऊन चित्र घेण्याची रीति प्रसिद्ध केली. या रीतीनें चित्र अत्यंत रेखीव येई व एका कांचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढतां येत. त्यामुळें थोड्याच वर्षांत ती सर्वत्र पसरली. पण तिची अट मोठी विलक्षण होती. कांचेवर थर देणें, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडविणें, कॅमेऱ्यांत घालून तिच्यावर प्रकाश पाडणें आणि शेवटीं रसायनानें चित्र उठविणें, हीं सर्व कामें थर ओला आहे तोंवरच, म्हणजे दहापंधरा मिनिटांत, उरकावीं लागत. थर सुकला कीं कांच फुकट गेली. म्हणून त्या काळीं कॅमेरा डोंगरावर नेणें म्हणजे सगळा कारखानाच डोंगरावर नेणें होय. अंधारा तंबू, कांचांच्या पेट्या, ईथरच्या व आम्लांच्या बाटल्या, थाळ्या, गाळण्या, धुण्यासाठीं पाणी, आणि या सर्वांच्या जोडीला माणसांचें अन्न व पांघरुणें! एखादी मोक्याची बाटली निसटून दगडावर आपटली, तर पुढचा सगळा प्रवास व्यर्थ.

१८६१ च्या जुलै महिन्यांत ओगुस्त बिसों हा फ्रेंच छायाचित्रकार मों ब्लां या आल्प्सच्या सर्वोच्च शिखरावर चढला, तेव्हां त्याचें सामान वाहण्यास २५ हमाल होते. शिखरावर पाणी कोठून मिळणार? तें बर्फ वितळवून करावें लागलें. एवढ्या खटाटोपानंतर शिखरावर हातीं काय लागलें, तर तीन चित्रें! पंचवीस माणसांच्या पाठी आणि तीन कांचा, हें त्या युगाचें प्रमाण होतें.

आपल्या देशांत या युगाचा मुख्य पुरुष सॅम्युएल बोर्न हा होय. नॉटिंगहॅम येथील एका बँकेंतील कारकुनी सोडून तो १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला व सिमल्यास राहूं लागला. त्याच वर्षीं सुमारे तीस हमाल घेऊन तो सतलजच्या खोऱ्यांतून वर गेला व दहा आठवडे हिंडला. १८६४ मध्यें त्यानें काश्मीरचा प्रवास केला. आणि १८६६ मध्यें कुलू, लाहूल व स्पीती हे प्रदेश ओलांडून तो मणिरंग खिंडींत पोंचला. ही खिंड सुमारे १८,६०० फूट उंच आहे. जेथें नुसता श्वास घेणें हेंच काम होऊन बसतें, तेथें बोटें बधिर झालेलीं असतांना तंबूंत शिरून कांचेवर सारखा थर ओतावयाचा आणि तो थिजण्यापूर्वीं सगळे सोपस्कार उरकावयाचे, हें काय असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्या उंचीवर त्यानें चित्रें घेतलीं, आणि पुढें सुमारे वीस वर्षें त्याहून उंच ठिकाणीं कोणी चित्र घेतलें नाहीं.

बोर्न हा कष्टाळू, नेटका व आपल्या कांचांना जिवापलीकडे जपणारा होता यांत शंका नाहीं. पण त्यानें 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी' या पत्रांत आपल्या प्रवासांचीं जीं वर्णनें लिहिलीं, तीं आज वाचतांना मन दुसऱ्याच गोष्टीकडे ओढलें जातें. हमाल वाटेंत ओझीं टाकून पळून जातात, ही त्याची तक्रार त्यांत वारंवार येते. आणि त्यांना वठणीवर आणण्यासाठीं आपण काठी हातीं घेतली, हेंही तो निःसंकोचपणें सांगतो. हे हमाल कोण होते? पहाडी मुलुखांत सरकारी अंमलदारासाठीं व गोऱ्या प्रवाशासाठीं गांवोगांवचीं माणसें बेगारीला धरण्याची रीति होती. शेताचीं कामें टाकून, आपल्या हद्दीबाहेर, हिमांतून, कांचेच्या पेट्या पाठीवर घेऊन चालावयाचें. आणि त्या पेटींत काय आहे, तें कशासाठीं आहे, याचा त्यांना गंधही नसावयाचा! अशा माणसानें रात्रीं ओझें ठेवून घरची वाट धरली, तर त्याला पळपुटा म्हणावें कीं शहाणा म्हणावें? पुढें १९२१ सालीं कुमाऊंतील लोकांनीं बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेंत बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदींत बुडविल्या आणि ही रूढी झुगारून दिली. बोर्नच्या तक्रारीला पहाडानें दिलेलें तें उत्तर होतें, असें मी समजतों.

बोर्नच्या हिमालयांतील चित्रांत माणूस क्वचित् दिसतो. दिसला तरी तो पर्वताची उंची कळावी एवढ्यापुरताच उभा असतो. कांचेच्या कोपऱ्यावर छायाचित्रकाराचें नांव व अनुक्रमांक आहे. ती कांच ज्यानें न फोडतां खालीं आणली त्याचें नांव कोठेंच नाहीं. हिमालयांतील छायाचित्रांच्या रक्षणाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचा पहिला अध्याय या बिननांवाच्या पाठींवर लिहावा लागेल.

याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागांत हेंच ओझें खेचरांच्या पाठीवर चाललें होतें. सरकारी भूपाहणीबरोबर हिंडणाऱ्या विल्यम हेन्री जॅक्सन या छायाचित्रकाराच्या एका आवडत्या खेचराचें नांव 'हायपो' असें होतें. चित्र कायम करण्याच्या रसायनाला छायाचित्रकार याच नांवानें ओळखतात. जॅक्सननें १८७१ सालीं यलोस्टोनचीं चित्रें घेतलीं. उकळत्या झऱ्यांच्या ज्या गोष्टी लोक गप्पा म्हणून ऐकत, त्या खऱ्या असल्याचें या चित्रांनीं अमेरिकन लोकप्रतिनिधींना दाखविलें, आणि १८७२ च्या मार्च महिन्यांत तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. एका खेचराच्या पाठीवरून सुखरूप आलेल्या कांचांनीं केवढें काम केलें पाहा!

पण खेचर हें शेवटीं खेचरच. १८७३ सालीं कोलोरॅडोच्या पर्वतांत 'गिम्लेट' नांवाचें दुसरें एक खेचर मागें रेंगाळलें, त्याच्या पाठीवरचा बोजा घसरला, पेट्या उघडल्या आणि कित्येक दिवसांच्या श्रमाच्या कांचा खडकावर फुटून गेल्या. जॅक्सन दुःखानें बसून राहिला नाहीं. त्यानें मागें फिरून त्यांतील पुष्कळ चित्रें पुन्हां घेतलीं. डोंगराचें चित्र काढणाऱ्याला हा एक दिलासा असतो: कांच फुटली तरी डोंगर जाग्यावर असतो. हा दिलासा कितपत खरा आहे, हें मात्र पुढें पाहूं.

१८७१ मध्यें रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति सुचविली, आणि पुढील दहा वर्षांत ओल्या कांचेचें युग संपलें. आतां कांच घरूनच तयार करून न्यावी, डोंगरावर तिच्यावर प्रकाश पाडावा, आणि घरीं परत आल्यावर चित्र उठवावें. तंबू गेला, बाटल्या गेल्या, कारखाना घरीं राहिला. पण कांच राहिली. किंबहुना तिची काळजी वाढली, कारण चित्र आलें कीं नाहीं हें आतां महिनोन् महिने कळत नसे. न पाहिलेलें चित्र पोटांत घेऊन ती कांच हिमनद्या ओलांडीत असे.

या नव्या काळजीचें सर्वांत सुंदर उत्तर इटलींतील बिएल्ला गांवच्या वित्तोरिओ सेल्ला यानें शोधून काढलें. हा कापडाच्या व्यापारांतील घराण्याचा पुत्र. याच्या बापानें इटालियन भाषेंत छायाचित्रणावरचा पहिला ग्रंथ लिहिलेला, आणि चुलत्यानें तेथील गिर्यारोहण-मंडळाची स्थापना केलेली. दोन्ही वारसे त्याच्यांत एकत्र आले. ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब अशा भल्यामोठ्या कांचा तो आल्प्सवर व कॉकेशस पर्वतांत नेत असे. त्या हिसके बसून फुटूं नयेत म्हणून जनावरांच्या पाठीवरचीं खोगिरें व माणसांच्या पाठीवरच्या पिशव्या त्यानें स्वतः विचार करून निराळ्या घडणीच्या बनविल्या. आज दुकानांत कॅमेऱ्यासाठीं कप्प्याकप्प्यांच्या, मऊ अस्तराच्या ज्या पिशव्या मिळतात, त्यांच्या पूर्वजांत सेल्लाच्या या पिशव्यांची गणना करावयास हरकत नाहीं. १८९९ मध्यें तो कांचनगंगेभोंवतीं फिरून आला व १९०९ मध्यें काराकोरमच्या मोहिमेंत केटू शिखराच्या पायथ्याशीं गेला.

सेल्लानें जपून आणलेल्या कांचांचें मोल त्याच्या काळीं सौंदर्यांत होतें. आज तें निराळेंच झालें आहे. हिमनद्यांचे अभ्यासक आतां त्याच जागीं उभे राहून चित्र घेतात व जुन्या चित्राशीं ताडून पाहतात, तेव्हां कित्येक ठिकाणीं जेथें बर्फाचा पूर होता तेथें उघडा धोंडा दिसतो. म्हणजे डोंगर जाग्यावर असतो हा जॅक्सनचा दिलासाही पुरता खरा नव्हे. डोंगरसुद्धां जातो, मात्र सावकाश जातो. तो गेल्यावर कांच तेवढी साक्षीला उरते.

दगड आणि खेचर यांच्याहून कपटी असा छायाचित्रकाराचा एक शत्रु आहे. तो म्हणजे हवेंतील पाण्याची वाफ. दक्षिण ध्रुवाकडे कॅप्टन स्कॉटबरोबर १९१० सालीं निघालेल्या हर्बर्ट पाँटिंगला त्याचा चांगलाच अनुभव आला. बाहेरच्या भयंकर थंडींतून कॅमेरा झोंपडीच्या उबेंत आणला कीं आंतील वाफ त्याच्या थंड भिंगांवर व धातूवर दंव होऊन बसे, आणि तसाच बाहेर नेला कीं त्या दंवाचें बर्फ होई. शेवटीं त्यानें उपाय काढला तो असा कीं, कॅमेरे झोंपडींत आणावयाचेच नाहींत. पेटीसह बाहेर हिमांतच ठेवावयाचे! थंडीपासून वांचविण्यासाठीं थंडींतच ठेवावयाचें, हें ऐकावयास विपरीत वाटतें. पण यंत्राला थंडी बाधत नाहीं, थंडीऊब यांची अदलाबदल बाधते. माणसाचें मात्र तसें नाहीं. कॅमेऱ्याच्या धातूला चुकून जीभ लागली तेव्हां ती तेथेंच गोठून चिकटली व तिचें कातडें गेलें, असें पाँटिंगनें स्वतः लिहून ठेवलें आहे.

आपल्या सह्याद्रींत बर्फ नाहीं, पण वाफ मुबलक आहे. आषाढ-श्रावणांतल्या धुक्यांत पावसाचा थेंबही न पडतां कॅमेरा आंतून भिजतो, आणि कपाटांत तसाच ठेवला तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. गार यंत्र उबेंत आणण्यापूर्वीं घट्ट तोंडाच्या पिशवींत बंद करावें, म्हणजे दंव पिशवीवर बसतें, भिंगावर बसत नाहीं. घरीं आल्यावर सर्व सामान पिशवीबाहेर काढून वाळवावें. पेटींत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या व त्या वेळोवेळीं तापवून पुन्हां कोरड्या कराव्या. एवढें केलें तरी निम्में काम होतें. पण हें सारें यंत्राचें रक्षण झालें. यंत्र आणि चित्र यांपैकीं एकच वांचविण्याची पाळी आली तर काय करावें?

ती पाळी फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकारावर आली. शॅकल्टनचें 'एंड्युरन्स' जहाज १९१५ च्या जानेवारींत दक्षिण ध्रुवाजवळच्या वेडेल समुद्रांत बर्फानें जखडलें गेलें. नऊ महिने तें तसेंच वाहत राहिलें व हर्ली त्याचीं चित्रें घेत राहिला. २७ ऑक्टोबर रोजीं बर्फाच्या दाबानें जहाज चिरडलें आणि सर्वांना उतरून बर्फावर तंबू ठोकावे लागले. प्रत्येकानें खासगी सामान दोन पौंडांपेक्षां अधिक ठेवावयाचें नाहीं, असा शॅकल्टनचा हुकूम सुटला. हर्लीच्या कांचा तर आंत, बुडालेल्या भागांत राहिल्या होत्या. २ नोव्हेंबरला तो त्या मोडक्या जहाजांत शिरला, लांकडी भिंत फोडली, आणि कमरेपर्यंत उघडा होऊन बर्फाच्या लगद्यानें भरलेल्या पाण्यांत हात घालून त्यानें पेट्या वर काढल्या. झाळून बंद केलेल्या डब्यांत असल्यामुळें कांचा शाबूत होत्या.

पण खरी परीक्षा पुढेंच होती. आतां सर्व ओझें होड्यांवर लादून न्यावयाचें होतें. पांचशेंहून अधिक कांचा नेणें शक्य नव्हतें. ९ नोव्हेंबरला हर्ली व शॅकल्टन बर्फावर बसले आणि एकेक कांच उजेडापुढें धरून निवड करूं लागले. १२० ठेवल्या, सुमारे चारशें तेथेंच फोडून टाकल्या. फोडावयाच्या कशासाठीं? नुसत्या बाजूला ठेवल्या असत्या तर मागाहून मन कच्चें होऊन त्यांतल्या कांहीं परत घ्याव्याशा वाटल्या असत्या, म्हणून! ठेवलेल्या कांचांचे डबे पुन्हां झाळून बंद केले. आणि कॅमेरे? ज्या यंत्रांसाठीं आज एखादा माणूस वर्षभर पैसे सांठवील, तीं मोठमोठीं यंत्रें हर्लीनें बर्फावर सोडून दिलीं. खिशांत मावेल एवढा एक लहानसा कोडॅक व फिल्मचीं तीन रिळें एवढेंच त्यानें जवळ ठेवलें. २१ नोव्हेंबरला जहाज बुडालें. पुढें होड्यांचा जीवघेणा प्रवास झाला, एलिफंट बेटावर साडेचार महिने उपासमार झाली, आणि ३० ऑगस्ट १९१६ रोजीं चिली देशाच्या 'येल्चो' जहाजानें सर्वांची सुटका केली. त्यांच्याबरोबर ते डबेही आले.

मला या प्रसंगांत बर्फांत बुडी मारणाऱ्या हर्लीपेक्षां बर्फावर बसून कांचा फोडणारा हर्ली मोठा वाटतो. बुडी मारण्यास धाडस लागतें. पण स्वतःच्या चारशें चित्रांवर घाव घालण्यास विवेक लागतो. सर्वच जपूं पाहणारा सर्वच गमावतो. काय टाकावयाचें याचा निश्चय ज्याला करतां आला, त्यालाच कांहीं जपतां आलें.

याच्याही पलीकडचे दोन प्रसंग आहेत. त्यांत चित्र जपणारा मनुष्यच उरला नाहीं. १८ जानेवारी १९१२ रोजीं दक्षिण ध्रुवावर स्कॉट व त्याचे चार सोबती एका ओळींत बसले व उभे राहिले, आणि बोवर्सनें दोरी ओढून सर्वांचें चित्र घेतलें. आम्मुंडसेन आपल्या आधीं येऊन गेल्याचें त्यांना कळलें होतें; तें दुःख त्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतें. परतीच्या वाटेवर पांचही जण मेले. १२ नोव्हेंबरला शोधकांना तंबूंत तीन प्रेतें सांपडलीं, आणि त्यांच्याबरोबर ती फिल्मही सांपडली. भुकेनें व थंडीनें मरणाऱ्या माणसांनीं ती टाकून दिली नव्हती.

दुसरा प्रसंग स्वीडनमधील आंद्रे याचा. ११ जुलै १८९७ रोजीं तो स्ट्रिंडबर्ग व फ्रेंकेल या सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तीन दिवसांत बलून बर्फावर उतरलें. तिघे सुमारें तीन महिने बर्फावरून पायपीट करीत क्वितोया नांवाच्या ओसाड बेटावर पोंचले व तेथेंच मेले. ३३ वर्षें त्यांचा पत्ता लागला नाहीं. १९३० च्या ऑगस्ट महिन्यांत एका नॉर्वेजियन जहाजावरील लोकांना त्यांचा तळ सांपडला. बर्फांत व ओलींत पडलेल्या फिल्म्स स्टॉकहोमला नेल्यावर जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञानें अत्यंत काळजीपूर्वक त्यांवरचीं चित्रें उठविलीं. सुमारे २४० चित्रांपैकीं ९३ वांचलीं. बर्फावर आडवें पडलेलें बलून आणि त्याच्याकडे पाहत उभे असलेले दोन पुरुष, हें चित्र स्ट्रिंडबर्गनें घेतलें तें १८९७ सालीं. जगानें पाहिलें तें १९३० सालीं. कॅमेऱ्याची, बलूनची, किंबहुना त्या माणसांच्या ध्येयाचीही आज कोणास गरज उरलेली नाहीं. ९३ चित्रें मात्र उरलीं आहेत.

आतां बोर्नकडे एकवार परत जाऊं. त्याच्या व शेफर्ड याच्या नांवानें चाललेली 'बोर्न अँड शेफर्ड' ही पेढी कलकत्त्यास शंभराहून अधिक वर्षें टिकली व २०१६ सालीं बंद झाली. तिच्या इमारतीला १९९१ मध्यें आग लागून जुन्या चित्रसंग्रहाचा मोठा भाग जळून गेला. पर्वतांतून सुखरूप आलेला ठेवा शहरांत, छपराखालीं, जळावा, हा दैवाचा खेळ म्हणावा कीं माणसाचा गाफीलपणा? तरी बोर्नचा हिमालय आज आपणांस पाहतां येतो, तो कां? कारण एका कांचेवरून निघालेल्या कागदी प्रती जगभर विखुरल्या होत्या. कुलुपाहून, पेटीहून, मऊ अस्तराच्या पिशवीहून मोठें रक्षण प्रतीचें असतें. आज चित्र नखाएवढ्या तबकडींत मावतें व त्याची प्रत काढण्यास क्षण पुरतो. म्हणूनच कीं काय, ती काढावयाची राहून जाते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं पुन्हां बोलावून घेतलें, आणि त्याचीं चित्रें पाहूं दे म्हटलें. त्यानें तीं संगणकावर दाखविलीं. धुक्यांतून वर आलेली संजीवनी माची होती, ओला बुरूज होता, आणि एका चित्रांत पायथ्याच्या गांवांतील एक म्हातारे गृहस्थ पडवींत बसलेले होते. मीं विचारलें, "हे कोण?" तो म्हणाला, "यांनीं पावसांत आम्हांला घरांत घेतलें, चहा दिला, आणि उतरतांना माझी पिशवी निम्म्या वाटेपर्यंत स्वतःच्या पाठीवर घेतली." "नांव विचारलेंस का?" "हो सर, विचारलें होतें." मग मीं त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. या सर्व चित्रांच्या दोन प्रती काढून दोन निरनिराळ्या घरीं ठेव. आणि या चित्राखालीं त्या गृहस्थांचें नांव लिही. कॅमेरा दुसरा घेतां येईल.